विश्लेषण : मोबाइलवर झकास, छापल्यावर भकास! ‘प्रिंट रेडी’ पीडीएफ नेमकी कशी तयार होते?

लग्नपत्रिका असो, दिवाळी अंक असो की स्वखर्चाने काढलेला कवितासंग्रह. मोबाइलवर देखणी दिसणारी पीडीएफ छापून हातात येते तेव्हा कधी भगवा रंग विटकरी झालेला असतो, कधी फोटो फाटल्यासारखे दिसतात, तर कधी जोडाक्षरांच्या जागी चौकोन उमटलेले असतात. हजार प्रती छापून झाल्यावर अशी चूक सुधारण्याचा एकच मार्ग उरतो : पुन्हा प्लेट, पुन्हा कागद आणि पुन्हा पैसे. यांतील बऱ्याच चुकांचे मूळ छपाईयंत्रात नसते. फाइल ‘एक्सपोर्ट’ करताना जी खिडकी उघडते आणि जी न वाचताच आपण ‘ओके’ म्हणतो, तिथे त्या होतात. या खिडकीत नेमके काय ठरते?

‘प्रिंट रेडी’ म्हणजे काय?

छापखान्याच्या भाषेत ‘प्रिंट रेडी’ फाइल म्हणजे जिला पुढे कोणीही हात लावणार नाही अशी फाइल. ती थेट प्लेट तयार करणाऱ्या यंत्रणेकडे जाते. ऑफसेट छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी प्लेट लागते. चार रंगांच्या कामात निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चार प्लेट संगणकावरून थेट तयार होतात. फाइलमध्ये जे असेल तेच प्लेटवर उमटते.

म्हणजेच ‘प्रिंट रेडी फाइल देतो’ असे म्हणणारा ग्राहक आकार, रंग, फोटोंचा दर्जा आणि अक्षरे या चारही गोष्टींची जबाबदारी स्वतःकडे घेत असतो. त्याने एक्सपोर्ट करताना काही निवडले नाही, तरी निवड होतेच. ती सॉफ्टवेअर करते. आणि अनेक सॉफ्टवेअरमधील आधीपासून निवडलेले पर्याय पडद्यासाठी किंवा घरच्या प्रिंटरसाठी सोयीचे असतात, ऑफसेट छपाईसाठी नव्हेत.

पीडीएफ सगळीकडे सारखी दिसते, मग अडचण काय?

अ‍ॅडोबी कंपनीचे सहसंस्थापक जॉन वॉरनॉक यांनी १९९१ मध्ये ‘कॅमेलॉट’ नावाचा प्रकल्प मांडला. कोणताही दस्तऐवज कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा दिसावा, ही त्यामागची कल्पना होती. त्यातून १९९३ मध्ये पीडीएफ आली आणि २००८ मध्ये ती आयएसओचे आंतरराष्ट्रीय मानक बनली.

मात्र ‘दिसणे’ आणि ‘छापणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीडीएफच्या पोटात कमी दर्जाचे फोटो, पडद्याचे रंग, लिंक, अगदी व्हिडीओसुद्धा मावतो. फॉण्ट सोबत न जोडताही पीडीएफ बनवता येते. हे सारे पडद्यावर चालून जाते, प्लेटवर चालत नाही. म्हणूनच छपाईसाठी पीडीएफचा एक शिस्तबद्ध उपप्रकार ठरवण्यात आला. त्याचे नाव पीडीएफ/एक्स. त्यातील ‘एक्स-१ए’ हे आयएसओ मानक २००१ चे आहे.

पानाचा आकार आणि ‘ब्लीड’ कशासाठी?

छपाई मोठ्या कागदावर होते आणि नंतर कटिंग मशीनवर कडा कापल्या जातात. पाते दर वेळी अगदी रेषेवरच पडेल असे नाही, ते थोडे इकडेतिकडे होते. मुखपृष्ठाचा रंग कडेपर्यंत नेमका संपत असेल, तर पाते किंचित बाहेर पडताच पांढरी पट्टी दिसते. ती टाळण्यासाठी रंग किंवा चित्र कापण्याच्या रेषेबाहेर साधारण ३ मिलिमीटर वाढवून ठेवतात. हेच ब्लीड.

ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचे असते. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड धरले की फाइल २१६ बाय ३०३ मिलिमीटरची होते. मराठी पुस्तकांत रूढ असलेला डेमी आकार साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच असतो, त्यालाही हाच नियम लागू होतो. उलट दिशेने, महत्त्वाचा मजकूर कापण्याच्या रेषेपासून किमान ५ मिलिमीटर आत असावा. नाहीतर पृष्ठ क्रमांक किंवा वधू-वरांच्या नावातील शेवटचे अक्षर कापले जाण्याची भीती असते.

येथे एक नेहमीची गफलत होते. डिझाइनमध्ये ब्लीड असते, पण एक्सपोर्ट करताना ब्लीडचा पर्याय निवडलेला नसतो. मग सॉफ्टवेअर तो जादा भाग कापूनच पीडीएफ तयार करते.

पुस्तकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. पाने जोडीने, म्हणजे समोरासमोरची दोन पाने एकत्र, पाठवू नयेत. सोळा पानांचा फर्मा कसा लावायचा हे छापखाना ठरवतो, त्यासाठी त्याला एकेक पान सुटे लागते. मुखपृष्ठ मात्र मलपृष्ठ, कणा आणि दर्शनी बाजू असे सलग द्यायचे असते. कण्याची रुंदी कागदाच्या जाडीवर ठरते. २०० पाने म्हणजे १०० कागद. एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटर धरली तर कणा १० मिलिमीटरचा होतो. प्रत्यक्ष कागदाची जाडी छापखान्याकडूनच विचारून घ्यावी.

३०० हा आकडा कुठून आला?

ऑफसेट छपाईत फोटो बारीक ठिपक्यांच्या ओळींनी बनतो. चांगल्या कागदावर एका इंचात साधारण १५० ओळी असतात. फोटोत त्याच्या दुप्पट पिक्सल असावेत, असा ठोकताळा आहे. त्यावरून इंचाला ३०० पिक्सल हा आकडा रूढ झाला. वर्तमानपत्री कागदावर ओळी कमी असल्याने त्याहून कमी पिक्सलही पुरतात. रेखाचित्रे, सही किंवा स्कॅन केलेला लोगो यांच्या कडा स्पष्ट याव्यात म्हणून ६०० ते १२०० पिक्सल लागतात.

हिशेब सोपा आहे. समाजमाध्यमावरून उतरवलेला १०८० पिक्सल रुंदीचा फोटो ३०० ने भागला, तर ३.६ इंच, म्हणजे सुमारे ९ सेंटिमीटर रुंदीपर्यंतच चांगला छापला जाईल. डेमी आकाराच्या पुस्तकाच्या पानभर तो पसरवायचा तर ब्लीडसह सुमारे १७२० पिक्सल रुंदी हवी. ए-४ पान भरायचे तर ब्लीड न धरताही २४८० बाय ३५०८ पिक्सल लागतात.

फोटोच्या माहितीत ७२ च्या जागी ३०० असा आकडा टाकल्याने पिक्सल वाढत नाहीत. तसेच मुळात ३०० चा फोटो पानावर ओढून दुप्पट मोठा केला की त्याचा प्रत्यक्ष दर्जा १५० वर येतो. इनडिझाइनच्या ‘लिंक्स’ पॅनेलमध्ये ‘इफेक्टिव्ह पीपीआय’ हा आकडा दिसतो, तोच खरा.

एक्सपोर्टच्या खिडकीतील ‘कॉम्प्रेशन’ विभाग याच्याशी निगडित आहे. ‘स्मॉलेस्ट फाइल साइझ’ हा तयार पर्याय निवडला की इनडिझाइन मोठे फोटो इंचाला १०० पिक्सलपर्यंत खाली आणते. ई-मेलसाठी ते ठीक, पण मूळ फोटो कितीही उत्तम असला तरी छापील पानावर त्याचा उपयोग उरत नाही.

भगवा विटका आणि निळा जांभळा का होतो?

मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो. ही आरजीबी पद्धत. कागद स्वतः प्रकाश देत नाही. त्यावर शाईचे थर बसतात. ही सीएमवायके पद्धत. प्रकाशाने दाखवता येणारे अनेक झगझगीत रंग शाईने साधतच नाहीत. उजळ भगवा, पोपटी, गडद चमकदार निळा हे त्यात येतात. रूपांतर होताना भगवा फिका किंवा मातकट होतो, तर निळ्यात मॅजेंटाचे प्रमाण जास्त राहिले की तो जांभळा दिसतो.

रूपांतर कुठेतरी होणारच असते. ते आपल्या डोळ्यांदेखत डिझाइन करताना व्हावे, की छापखान्याच्या यंत्रणेत आपल्या नकळत, एवढाच प्रश्न आहे. म्हणून काम सुरू करतानाच सीएमवायके निवडणे, किंवा एक्सपोर्टच्या ‘आउटपुट’ विभागात छापखान्याने सांगितलेले कलर प्रोफाइल निवडणे श्रेयस्कर. गुळगुळीत आर्ट पेपर आणि साधा मॅपलिथो यांवर एकच शाई वेगळी दिसते, त्यामुळे प्रोफाइलही वेगळे असते.

सोनेरी रंगाचे गणित आणखी निराळे. चार शाईंतून सोनेरी चमक येत नाही, मोहरीसारखा पिवळा येतो. पत्रिकेवर खरी सोनेरी शाई किंवा फॉइल हवे असेल तर त्याची स्वतंत्र प्लेट किंवा ठसा लागतो. फाइलमध्ये तो ‘स्पॉट कलर’ म्हणून वेगळा ठेवावा लागतो. एक्सपोर्ट करताना ‘सर्व स्पॉट रंग प्रोसेसमध्ये बदला’ असा पर्याय चुकून निवडला गेला, तर तो वेगळा रंग फाइलमधून नाहीसा होतो.

काळी अक्षरे धूसर कशी होतात?

पडद्यावरचा काळा एकच असतो, शाईचा काळा अनेक प्रकारे बनतो. फक्त काळी शाई १०० टक्के, हा एक प्रकार. आरजीबीतील काळ्याचे आपोआप रूपांतर झाले की मात्र चारही शाया वापरल्या जातात. एका प्रचलित अमेरिकी प्रोफाइलनुसार ते प्रमाण सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७ आणि काळा ९० टक्के असे येते. म्हणजे एकूण ३०० टक्के शाई.

बारीक अक्षरांसाठी हे घातक आहे. चार प्लेटचे ठसे केसभर जरी सरकले, तरी अक्षराभोवती रंगीत सावली दिसते. देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार हे आकार आधीच नाजूक. ते भरून जातात आणि वाचकाचे डोळे दुखतात. त्यामुळे मजकूर नेहमी फक्त काळ्या शाईतच असावा.

एकूण शाईलाही मर्यादा असते. वर्तमानपत्री कागदावर ती साधारण २२० ते २४० टक्के, तर आर्ट पेपरवर ३०० टक्क्यांच्या आसपास धरतात. त्याहून जास्त शाई वाळत नाही आणि एका पानाचा डाग दुसऱ्या पानाच्या पाठीवर उमटतो.

मराठी अक्षरे का मोडतात?

जुन्या बिगर-युनिकोड फॉण्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. असा फॉण्ट पीडीएफमध्ये जोडला गेला नाही, तर दुसऱ्या संगणकावर ‘महाराष्ट्र’ऐवजी इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ दिसते. युनिकोड फॉण्टचे दुखणे वेगळे असते. जोडाक्षरे बांधणे आणि ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणे हे काम सॉफ्टवेअरला करावे लागते. इनडिझाइनमध्ये त्यासाठी ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडावा लागतो. तो निवडलेला नसेल तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि पाय मोडलेली अक्षरे सुटी पडतात. शिवाय मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडलेली नसेल, तर काही फॉण्टमध्ये हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ उमटतात.

पीडीएफ तयार होताना फॉण्ट व्यवस्थित जोडला गेला की हे आकार गोठतात. पुढे ते कोणत्याही संगणकावर बदलत नाहीत. मात्र काही फॉण्टचा परवाना जोडणीला मनाई करतो. मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्त, किंवा नोटो सॅन्स देवनागरी यांसारखे खुल्या परवान्याचे फॉण्ट वापरले तर ही अडचण येत नाही.

अक्षरांचे ‘कर्व्ह’ करणे हा डीटीपी चालकांचा आवडता उपाय. त्यात अक्षराचे रूपांतर चित्राकृतीत होते आणि फॉण्टची गरजच संपते. मुखपृष्ठ किंवा पत्रिकेसाठी तो चालतो. अख्ख्या पुस्तकासाठी नको, कारण शेवटच्या क्षणी एक वेलांटी दुरुस्त करायची म्हटली तरी मूळ फाइलकडे परत जावे लागते.

‘एक्स-१ए’ निवडायचे की ‘एक्स-४’?

‘एक्स-१ए’ प्रकारात फक्त सीएमवायके आणि स्पॉट रंग चालतात, सर्व फॉण्ट जोडलेले असावे लागतात आणि पारदर्शकता चालत नाही. म्हणजे सावल्या, धूसर कडा असे परिणाम एक्सपोर्ट करतानाच सपाट केले जातात. त्यामुळे पडद्यावर कधी केसासारख्या पांढऱ्या रेषा दिसतात. फाइल मोठी करून पाहिली आणि रेषेची जाडी बदलली नाही, तर त्या बहुधा छापल्या जात नाहीत.

‘एक्स-४’ नंतर आले. त्यात पारदर्शकता जिवंत राहते आणि प्रोफाइलसह आरजीबी चित्रेही ठेवता येतात. नव्या यंत्रणा ते सहज हाताळतात, जुन्या यंत्रणा असलेले छापखाने ‘एक्स-१ए’ मागतात. दोन्ही प्रकारांत फॉण्टची जोडणी सक्तीची आहे आणि पासवर्डचे कुलूप चालत नाही. कोणते द्यायचे हे ग्राहकाने अंदाजाने ठरवू नये. छापखान्याला एक फोन पुरतो.

कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये काय निवडायचे?

कॅनव्हा : ‘पीडीएफ स्टँडर्ड’ नको, ‘पीडीएफ प्रिंट’ हवे. सोबत ‘क्रॉप मार्क्स अँड ब्लीड’वर खूण करावी. सीएमवायके हा पर्याय सशुल्क आवृत्तीत मिळतो.

मायक्रोसॉफ्ट वर्ड : ‘मिनिमम साइझ’ऐवजी ‘स्टँडर्ड’ निवडावे. त्याआधी ‘ऑप्शन्स’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ विभागात ‘फाइलमधील चित्रे कॉम्प्रेस करू नका’ या अर्थाच्या ओळीवर खूण करावी. वर्डमध्ये सीएमवायके आणि ब्लीडची सोय नाही. त्यामुळे आतील एकरंगी पानांसाठी वर्ड चालते, रंगीत मुखपृष्ठासाठी नाही.

लिबरऑफिस : पीडीएफ एक्सपोर्टमध्ये ‘लॉसलेस कॉम्प्रेशन’ निवडावे आणि चित्रांचा दर्जा ३०० डीपीआयच्या खाली जाऊ देऊ नये.

इनडिझाइन : ‘अ‍ॅडोबी पीडीएफ प्रिंट’ निवडून ‘पीडीएफ/एक्स-१ए’ किंवा ‘एक्स-४’ हा तयार संच घ्यावा. ‘स्प्रेड्स’ऐवजी ‘पेजेस’, आणि ‘मार्क्स अँड ब्लीड्स’मध्ये ‘यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज’ निवडावे. एकदा जुळवलेला हा संच नाव देऊन जतन करता येतो.

कोरलड्रॉ : ‘पब्लिश टू पीडीएफ’मध्ये ‘प्रीप्रेस’ किंवा ‘पीडीएफ/एक्स-१ए’. रंगांसाठी सीएमवायके आणि ब्लीडची मर्यादा स्वतः तपासावी.

स्क्रायबस : हे मोफत सॉफ्टवेअर पीडीएफ/एक्स प्रकारांत फाइल देते. २०२४ मध्ये आलेल्या १.६ आवृत्तीपासून त्याच्या स्थिर आवृत्तीत देवनागरीसारख्या लिपींची जोडाक्षरेही नीट बांधली जातात. कमी खर्चात अंक काढणाऱ्यांसाठी तो चांगला पर्याय आहे.

फाइल पाठवताना काय जपावे?

नीट तयार केलेली फाइल पाठवतानाही बिघडू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेले चित्र आकुंचित होते. तेच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर जसेच्या तसे पोहोचते, आणि त्यासाठी २ जीबीपर्यंतची मर्यादा आहे. पीडीएफचा स्क्रीनशॉट, ‘पीडीएफ लहान करा’ असे सांगणारी मोफत अ‍ॅप आणि पासवर्ड या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. फाइलच्या नावात ‘फायनल’ किंवा ‘नवीन फायनल’ लिहिण्यापेक्षा तारीख आणि आकार लिहिला, तर जुनी फाइल चुकून छापली जाण्याचा धोका कमी होतो.

पाठवण्यापूर्वी पाच मिनिटांची तपासणी कशी करावी?

संगणकावर मोफत अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइल उघडून ‘प्रॉपर्टीज’मधील ‘फॉण्ट्स’ पाहावे. प्रत्येक नावापुढे ‘एम्बेडेड’ किंवा ‘एम्बेडेड सबसेट’ असायला हवे. त्याच खिडकीत पानाचा आकार दिसतो, तो ब्लीडसह जुळतो का ते पाहावे. मग ३०० ते ४०० टक्के मोठे करून फोटो, अनुस्वार आणि जोडाक्षरे नजरेखालून घालावीत. अ‍ॅक्रोबॅटच्या सशुल्क प्रो आवृत्तीत ‘आउटपुट प्रिव्ह्यू’ मिळतो. त्यात चारही प्लेट वेगवेगळ्या पाहता येतात. काळी वगळता बाकीच्या प्लेट बंद केल्यावर मजकूर पूर्ण दिसला, आणि काळी प्लेट बंद करताच पूर्ण नाहीसा झाला, तर अक्षरे फक्त काळ्या शाईत आहेत.

शेवटची पायरी म्हणजे कागदावरचे प्रूफ. डिजिटल प्रिंटरवर काढलेल्या एका प्रतीत ऑफसेटचा रंग हुबेहूब येईल असे नाही, पण आकार, समास, सुटलेली पाने आणि मोडलेली अक्षरे लगेच दिसतात. या प्रुफावर सही झाली की सहसा छापील चुकीची जबाबदारी ग्राहकाची मानली जाते. त्यामुळे काम देतानाच छापखान्याला पाच प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत : कापल्यानंतरचा आकार किती, ब्लीड किती, कोणते कलर प्रोफाइल, कोणता पीडीएफ/एक्स प्रकार आणि कण्याची रुंदी किती. एक्सपोर्टच्या खिडकीत जे भरायचे असते, त्यातील बहुतेक सगळे या पाच उत्तरांत असते.